कुलूपबंद टॅबचं प्रकरण

"सर, चोरी झालीच नसली तर?"

भर वर्गात हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींची पैज होती. मनस्विनीने विचारलं. लातूरच्या त्या क्लासचे संचालक दयानंद सर तिच्याकडे वळले.

रविवारच्या जीवशास्त्राच्या टेस्टची उत्तरं शनिवारी सकाळीच अंगदच्या मोबाइलवर सापडली होती. क्लासच्या वेबसाइटवर त्यांचा 'उत्तरे' टॅब कुलूपबंद होता आणि पासवर्ड एकट्या ऑफिसच्या तारामती मॅडमकडे. उद्यापासून येऊ नका, असं सरांनी त्यांना सांगूनही टाकलं होतं.

"संध्याकाळपर्यंत सिद्ध कर," सर म्हणाले.

मनस्विनी मुखेडची, अकरावीतली, डॉक्टर व्हायला घरच्यांनी लातूरला धाडलेली. सोबत मैत्रीण राजकन्या. तिला गुन्हेगार म्हणे चेहऱ्यावरून कळायचा. तिच्या मते मॅडमच दोषी, कारण त्या रडत होत्या.

मॅडमनी पासवर्डची नोंद दाखवली. आठवडाभर तो कुणी टाकलाच नव्हता.

अंगद वैतागलेला. त्याला आधीच होऊन गेलेल्या भौतिकशास्त्राच्या पेपरची उत्तरं हवी होती. वेबसाइटच्या पानावर दोन चौकटी होत्या, वर जीवशास्त्राची, खाली भौतिकशास्त्राची. "खालच्या चौकटीतलं 'उत्तरे' दाबलं. खाली काहीच न्हाई, अन् वरच्या चौकटीत जीवशास्त्राचं उघडलं. मी काय डोळे मिटू?"

वेबसाइटचं ते पान बनवणारे सिद्धराम सर ठाम होते. गेल्या आठवड्यात एकच चौकट होती, ती बिनबोभाट चालली. शुक्रवारी तिच्यावरूनच खालची उतरवली, फक्त मजकूर बदलला.

संध्याकाळी मनस्विनीने सगळ्यांना ऑफिसात बसवलं.

"राजे, होस्टेलात दोन खोल्यांवर चार नंबर असला, तर मेसचा डबा कुठं जाईल?"

"पहिल्या दारात. डबेवाला कशाला पुढं जातोय?"

"कॉम्प्युटरही तसाच. दोन्ही चौकटींतल्या उत्तरांच्या कप्प्यांना आतून नाव एकच. खालचा टॅब ते नाव पुकारतो, वरचा कप्पा ओ देतो. अन् कुलूप होतं फक्त टॅबला. उत्तरं मागं उघडीच पडली होती."

सिद्धराम सरांनी लॅपटॉप उघडला, तपासलं आणि हळूच चष्मा काढला. दयानंद सर उठून तारामती मॅडमसमोर उभे राहिले. माफी मागितली आणि सोमवारी या म्हणाले.

मनस्विनी मात्र हलेना. सिद्धराम सरांजवळ बसून तिने नवी चौकट लिहून घेतली: कुठंही वापरा, प्रत्येक वेळी स्वतःचं वेगळं नाव घेणारी, उत्तरं वेळ झाल्यावरच पानावर आणणारी. एका पानावर पाच लावल्या. पाचही दाबल्या. ज्याचं त्याचंच उघडलं.

मग तिने घरी फोन लावला, स्पीकर चालू करायला सांगितला.

"आई, बाबा, मी डॉक्टर होणार नाही. विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करणार. विचारत नाही, सांगून राहिले."