जोडीनं उतरायचं खोरं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं फक्त डोकं आणि एक हात दिसत होता. बाकीचा माणूस बर्फाखाली, आणि तोही नेमका माझ्या वाटेत.

“बाजूला हो,” असं ओरडता ओरडताच मी स्नोबोर्ड वळवला, वेग गेला, आणि पुढच्या क्षणी मीही कमरेपर्यंत रुतले. रात्रभर पडलेला भुसभुशीत बर्फ, उणे सतरा, सकाळची पहिली रोपवे पकडून आलेली मी... आणि मध्ये हा.

“आवडलं असतं व्हायला,” तो म्हणाला, “पण माझे पाय कुठे आहेत तेच कळत नाहीये. तुम्हाला दिसतायत का?”

मला हसू आलं नाही. मला राग लवकर येतो, आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. त्यात त्या हिवाळ्यात तर मी नुसती धुमसत होते. दहा वर्षं माझ्याबरोबर उतरणारी युरिए लग्न करून नागोयाला गेली, आणि आमच्या डोंगराच्या मागच्या खोऱ्यात एकट्यानं जायला बंदी आहे. वर दोरीचं फाटक, फाटकाशी ओनोदेरा काका. दोन माणसं, दोघांकडे फावडं आणि बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा देणारं यंत्र, तरच दोरी वर होते. मी काकांच्या मांडीवर खेळलेली, तरी नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोज मी त्या दोरीशी जायची, खालचं खोरं डोळे भरून बघायची आणि दात खात परतायची. इतर जोड्या कडेकडेनं उतरून जायच्या. पण आत, देवदारांच्या पलीकडे, ओढ्यापर्यंत जाणारा एक उतार फक्त युरिएला आणि मला माहीत होता. तो अख्खा हिवाळा कोरा पडला होता.

“हा बोर्ड कुणी दिला तुला?” मी त्याच्या खांद्याला धरून ओढत विचारलं.

“हॉटेलच्या माणसानं. म्हणाला, सगळ्यांना चालतो.”

“कडक, अरुंद, दोन्ही टोकं सारखी. हा दाबून सपाट केलेल्या उतारावर चालतो. खोल बर्फात याचं नाक खाली घुसणारच. आणि मागच्या पायावर असा बसला होतास कशाला? खुर्ची आहे का तिथे?”

“समुद्रात लाटेवर फळी चालवताना असंच उभं राहतात.”

“ही लाट आहे?”

त्यानं चारी बाजूंना नीट बघितलं. “थोडी गार आहे.”

नाव सेइगो. आम्ही उत्तरेच्या बेटावरचे, हा जपानच्या पार दक्षिणेकडच्या कोचीचा. गळानं कुपा मासे धरणाऱ्या बोटीवर काम करायचा. बोट मार्चच्या सुरुवातीला निघणार, तोवर मोकळा. जन्मात बर्फ बघितला नव्हता म्हणून आला होता, आणि आल्या आल्या त्यातच गाडला गेला होता.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी त्याच्या खांद्यांकडे बघितलं, हलत्या बोटीवर उभं राहून कमावलेल्या मांड्यांकडे बघितलं, आणि विचारलं, “बीकन वापरायला शिकशील?”

“रागावणार नसाल तर.”

“रागावणार.”

“बरं,” तो म्हणाला.

रोपवेच्या पायथ्याशी माझं दुकान आहे, बोर्ड भाड्यानं देते, दुरुस्त करते. त्याच संध्याकाळी मी त्याला तिथे उभा केला आणि भिंतीवरून एक बोर्ड काढला. लांब, रुंद, वर उचललेलं नाक. मागचं टोक आखूड, त्याला खाच.

“हा तर मासा आहे,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज गंभीर झाला होता.

“म्हणूनच तुला देतेय. नाक रुंद, म्हणून वर तरंगतं. शेपूट लहान, म्हणून बुडतं. आता बूट घाल आणि यावर उभा राहा.” मी गुडघ्यांवर बसून पेचकस चालवत होते. “पाय अडकवायचे हे पट्टे दोन भोकं मागे घेतलेत. म्हणजे तू सरळ उभा राहिलास तरी नाक वरच राहील. मागे रेलायचं नाही. रेललास तर मांडी पेटेल आणि वळताही येणार नाही.”

“तुम्ही सगळ्यांनाच असं ओरडता?”

“जे भाडं देतात त्यांना नाही.”

“मग मी देत नाही.”

मी वर बघितलं. तो माझ्या डोक्याकडे बघत होता, केसांत बोर्डांना घासायच्या मेणाचा भुगा अडकला होता बहुतेक. त्यानं बोटानं तो काढला. ‘हात काढ’ असं म्हणायला हवं होतं. मी पेचकस जरा जास्तच जोरात पिळला आणि म्हटलं, “आणि ते तुम्ही-तुम्ही बंद कर. शिव्या देताना अडचण होते.”

पुढचे तीन आठवडे मी त्याला नुसती झोडपत होते. “दोन्ही पाय मिळून दाब. झटका मारू नकोस. हळू खाली बस, हळू वर ये, बर्फच उचलतो.” “झाडाकडे बघतोस म्हणून झाडावर जातोस. फटीकडे बघ.” “सपाटीवर थांबलास? आता चाल पाय ओढत.” देवदाराच्या बुंध्याशी फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, तिथे उलटा पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येत नाही, हे मी रोज बजावायची. आणि बोर्ड काढला की पालथा ठेवायचा, नाहीतर तो एकटाच घसरत जातो, हेही.

“समुद्रात तो पायाला दोरीनं बांधलेला असतो,” तो म्हणायचा. “सोडला तरी आपल्याजवळच राहतो.”

“इथे सोडलेलं परत येत नाही.”

“मग सोडणार नाही,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, आणि त्या दिवशी मी त्याला उगीचच दोन उतार जास्त करायला लावले.

माणूस डोक्यात जात होता. रागावून घ्यायचा, हसायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. एकदा त्याच्या आईनं घरून कुपा पाठवला. हा पठ्ठ्या माझ्या दुकानातल्या शेगडीवर तो वरवर भाजून, मीठ आणि मूठभर लसूण लावून माझ्यापुढे ठेवून मोकळा. दुकानाला आठवडाभर लसणाचा वास. गिऱ्हाईकं नाकं मुरडायची, मी त्याला शिव्या घालायची, आणि दार बंद केल्यावर तो वास घेत बसायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो रविवारी जाणार होता. गुरुवारी रात्री मांडीइतका बर्फ पडला, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. ओनोदेरा काकांनी दोघांची बीकन तपासली, दोरी वर केली आणि दात काढले.

“काय मिसाओ, मिळाली म्हणायची शेवटी चावी.”

“कसली चावी?” सेइगोनं विचारलं.

“अरे, तू. हिला एकटीला मी सोडत नाही ना. म्हणून तीन आठवडे तुझ्यावर घाम गाळतेय पोरगी.”

सेइगोनं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं मी. म्हणजे... खोटं होतं का ते? खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. आणि ते तिथे, काकांसमोर, कसं सांगायचं? मला काकांचा राग आला, त्याचा आला, स्वतःचा आला.

“चल,” मी म्हटलं, “उशीर केला तर बर्फ खराब होईल.”

“हो,” तो म्हणाला. “चावीला कुठे मत असतं.”

आणि आम्ही उतरलो. मी पुढे, तो मागे. पहिल्या वळणालाच बर्फ छातीवर आला, तोंडावर उडाला, आणि मी सगळं विसरले. वर, खाली, वर, खाली... आवाज नाही, वजन नाही. देवदारांत शिरले, डावी फट, उजवी फट, पलीकडे उजेड दिसला. माझा उतार. मी वेग वाढवला, एका फांदीला खांदा लागला, आणि जग उलटं झालं.

डोकं खाली, पाय वर, बोर्ड फांद्यांत अडकलेला. हात हलवला की आणखी बर्फ आत यायचा. नाकात बर्फ, तोंडात बर्फ. रोज दुसऱ्याला बजावणारी मी, बुंध्याशी. भीती नंतर वाटली. आधी संताप आला, इतका की रडायलाच लागले.

मग कुणीतरी माझा बोर्ड घट्ट धरला. फावड्याचा आवाज, धापा टाकल्याचा आवाज, आणि माझ्या तोंडावरचा बर्फ ओरबाडणारी बोटं.

“नाक,” मी कसंबसं म्हटलं. “आधी नाक मोकळं कर.”

त्यानं मला बाहेर ओढलं. मी खोकले, थुंकले, आणि तोंडातून काय निघालं? “इतका वेळ का लावलास?”

त्याचा चेहरा पांढराफटक झाला. तीन आठवड्यांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता.

“वेळ? फाटकापासून एकदा तरी मागे बघितलंस तू? एकदा? मी पडलो असतो तर तुला कधी कळलं असतं? ओढ्यावर पोचून, पाणी पिऊन झाल्यावर?”

“तू... ओरडतोयस.”

“जमतं मलाही. तुझी लाल टोपी दिसेनाशी झाली तेव्हा माझं काय झालं माहितेय तुला? माझी नजर तुझ्यावरून हलली नव्हती म्हणून सापडलीस. चावी असून नजर हलली नव्हती.”

चूक माझी असली की मला दुप्पट राग येतो. म्हणून विचारलं, “तुझा बोर्ड कुठाय?”

तो मागे वळला. बर्फावर एक बारीक, सरळ रेघ खाली गेली होती, देवदारांतून बाहेर, उतारावरून थेट ओढ्याकडे. मला खणायच्या घाईत त्यानं बोर्ड काढून, पालथा न करता, नुसता टाकला होता. सरळ. समुद्रात टाकतात तसा.

त्यानं फावडं झटकून पाठीला लावलं.

“तू जा,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज आता शांत होता, तो मला जास्त लागला. “समोर पडलाय तुझा उतार. त्याच्यासाठीच होतं ना सगळं. मी येतो चालत.”

मी उभी राहून बघितलं. त्या एका रेघेशिवाय तो कोरा होता, सगळा हिवाळा साठलेला, त्यावर कोवळं ऊन. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला तो माझ्या पायांपासून दहा हातांवर. मी खाली वाकले, पट्टे सोडले आणि बोर्ड काखेत मारला.

“काय करतेस?”

“दिसत नाही? चालतेय.”

“जा म्हटलं ना तुला.”

“मला शिकवू नकोस.”

पहिल्याच पावलाला मी छातीपर्यंत बुडाले. तोही बुडाला. बटाट्याच्या शेतातून अस्वल जावं तसा चर पाडत आम्ही माझ्या कोऱ्या उतारावरून निघालो, एकमेकांवर नुसते धुसफुसत.

अर्ध्यावरही पोचलो नव्हतो तोच मागून आरोळी आली. दोन ऑस्ट्रेलियन पोरं आमच्याच वाटेच्या खुणा धरून देवदारांतून बाहेर पडली आणि आमच्या दोन्ही बाजूंनी बर्फाच्या भिंती उडवत खाली गेली. जाता जाता एकानं हात हलवला. बघता बघता सगळा उतार रेघोट्या रेघोट्या.

मी मटकन खाली बसले.

“माफ कर,” सेइगो म्हणाला. “माझ्यामुळे... तुझा उतार...”

“खड्ड्यात गेला उतार,” मी म्हटलं, आणि मग थांबवताच येईना. “तो परत पांढरा होईल. पुढच्या आठवड्यात होईल. तू रविवारी जातोस. तीन आठवडे घसा फोडून मी तुला उभं राहायला शिकवलं, आणि तू जातोस. वर मलाच सांगतोस, तू जा. हो, शोधत होते मी चावी. पहिल्या दिवशी शोधत होते. मग तू माझ्या दुकानात लसूण घेऊन शिरलास आणि आता... आता मला तू आवडतोस, कळलं? आणि याचा मला भयंकर राग आलाय.”

तो चांगला दहा पावलं लांब, कमरेइतक्या बर्फात उभा होता. “हे तू ओरडून का सांगतेस?”

“मला हळू येत नाही.”

तो निघाला. एक पाय उपसायचा, दुसरा रुतायचा, पहिला पुन्हा उपसायचा. इतका वेळ लागला त्याला माझ्यापर्यंत यायला की मला रडू आवरून नाकही पुसून घेता आलं. तो समोर येऊन गुडघ्यांवर बसला, गॉगल वर केला. डोळे लाल होते.

“बोट सोडता येणार नाही मला,” तो म्हणाला. “नोव्हेंबरपर्यंत पाण्यावर.”

“सोड म्हटलंय कुणी?”

“पण मासे उत्तरेला सरकतात, आम्ही त्यांच्या मागे. जूनपासून आमची बोट केसेन्नुमा बंदराला लागते. चार-पाच दिवसांनी एकदा. मासे उतरवायचे, बर्फ भरायचा, निघायचं. एक संध्याकाळ मिळते.”

“एका संध्याकाळसाठी मी रात्रभर फेरीनं यायचं? बोटीत पाय ठेवला की ओकते मी.”

“मग नको येऊस.”

“नको म्हणणारा तू कोण? येणार मी. दर वेळी ओकत येणार. आणि मी उतरले आणि धक्क्यावर तू दिसला नाहीस ना...”

“तर काय करशील?” तो हसत होता. आत्ता, इतकं सगळं झाल्यावर.

मी त्याची कॉलर धरली आणि त्याला जवळ ओढलं. त्याचे ओठ गार पडले होते, आणि तो अजून माझ्यावर रागावलेला होता, ते चांगलंच कळत होतं. मीही होते. खाली ओढ्यापर्यंत अजून अर्धा उतार चालायचा बाकी होता.