शंभरातले चार

निवृत्तीच्या मनगटावरच्या पट्टीवर रोज सकाळी शंभरचा आकडा उमटायचा. तो पाहिला की त्याच्या बायकोचं, मंगलचं, तोंड कडू व्हायचं.

त्या पट्टीला वाटामापक म्हणत. रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशी बदलल्या, की दात्याच्या पेशी रोग्याच्या हाडांतल्या मज्जेत रुजतात. हात, डोळे, आवाज त्याचेच राहतात. रक्त तेवढं दात्याचं तयार होतं. त्यात दात्याचा वाटा किती, हे पट्टी सांगे. निवृत्तीची दाता होती त्याची थोरली बहीण, हौसाक्का. आकडा तिच्याही पट्टीवर दिसे. तो घटला की तिने दवाखान्यात धाव घ्यायची, अशी त्या काळची रीत होती.

हौसाक्का रोज फोन करायची. "मंगल, शंभर हाय न्हवं? माझ्या रक्ताला जरा तूप घाल गं. तुझं पाणचट कालवण त्याला सोसायचं न्हाई."

निवृत्ती हसायचा. मंगल हसत नसे. बावीस वर्षं संसार तिने केला, आणि नवऱ्याच्या अंगात भरली होती नणंद.

एके दिवशी तिने हौसाक्काच्या पट्टीशी असलेली जोडणी बंद केली आणि फोनवर सांगितलं, "यंत्र बिघडलंय, वन्सं. आकडा शंभरच हाय."

नवव्या दिवशी आकडा अठ्ठ्याण्णव झाला. मग शहाण्णव. मंगल मनात फुलली. शंभरातले चार भाग तिचा नवरा परत आला होता! तिने कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आवडीची शेंगोळी केली. दोन घास खाऊन तो आडवा झाला.

आठवड्याने ताप चढला. दवाखान्यात डॉ. शेखबाईंनी पट्टी पाहिली. "हे कधीपासून?"

"आठ दिस झाले. चांगलंच की, बाई. ह्यांचं सोताचं रक्त यायला लागलंय."

"मंगलताई, त्यांचं स्वतःचं रक्त म्हणजेच रोग. तो उलटलाय. बहिणीच्या पेशी त्याला दाबून होत्या, त्या हरायला लागल्यात. तिच्या ताज्या लढाऊ पेशी लगेच द्याव्या लागतील."

"आन् ह्यांचा वाटा?"

"एक भागही उरता कामा नये."

मंगलनेच फोन लावला. "वन्सं, जोडणी मीच तोडली हुती. या."

पलीकडून हौसाक्का म्हणाली, "त्यापरीस मला शिव्या द्यायच्या हुत्यास गं. निघाले."

तीन महिन्यांनी रोग ओसरला. जोडणी पुन्हा सुरू आहे, पण हौसाक्का आता फोन करत नाही. मंगल रोज सकाळी नवऱ्याचा हात मांडीवर घेते. आकडा शंभर असतो. तरी ती पदराने पट्टी पुसते आणि पुन्हा बघते, त्याचं काही शिल्लक तर नाही ना.