दह्याची तार

टेबलावर वाट्या दोन, चमचा एक आणि चमच्यापासून मोठ्या वाटीपर्यंत दह्याची अखंड तार: वीस सेंटीमीटर. आभाने पट्टी खाली ठेवली.

"शिवा दुधात अरारूट घालतो!" अरुंधतीकाकू कडाडल्या. "अख्ख्या सोसायटीला त्याचा रतीब बंद करायला सांगते."

"दोन दिवस थांबा, काकू."

सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन पनवेलात खासगी तपासाची पाटी लावणारी आभा एकटीच. मावसभाऊ सत्यजीत तिचा मदतनीस. त्याने वाट्या न्याहाळल्या. दह्याच्या वाटीवर 'अरुंधती' कोरलेलं, विरजणाच्या छोटीवर 'गोदू'. घरात बायका बऱ्याच दिसतात, त्याला वाटलं.

आभाने दह्यावर आयोडीन टाकलं. ते निळं झालं नाही. "अरारूट नाही."

चिरनेरचा शिवा स्वतःच्या घरचं दही घेऊन आला. तार नाही. "ताई, दूध तेच हाय. इरजण बी काकूंचंच, गणपतीत माज्या बायकोनं नेलं व्हतं. आमी भेसळ करनारी मानसं नाय!"

काकूंची सून मनस्वी हसतमुख. "विरजण? घरचंच की!" ती घाईने म्हणाली.

"दही आवडतं?"

"साखर घालून पातेलंभर!"

आभाने काकूंचं दही, छोट्या वाटीतलं विरजण आणि शिवाचं दही हे तिन्ही नमुने रुथेनियम रेड हा रंग मिसळलेल्या दुधाच्या थाळ्यांवर पसरले. दोन दिवसांनी सगळे जमले. शिवाच्या थाळीवर ठिपके लाल, उरलेल्या दोन्हींवर पांढरे.

"लाल! सापडला चोर!" सत्यजीत ओरडला. शिवाचा चेहरा पडला.

"उलट, दादा. हा रंग जिवाणूच्या भिंतीवर चढतो. जे चिकट शर्करेचं पांघरूण घेतात, ते कोरे राहतात. तार काढणारे पांढरे. ते काकूंच्या छोट्या वाटीतल्या विरजणातच आहेत. शिवाकडे तेच दूध, काकूंचंच जुनं विरजण, तरी तार नाही. म्हणजे काकूंच्या घरी विरजण बदललं. वाटीवर नाव गोदूचं. मनस्वी, गोदू कोण?"

"शेजारच्या मावशी," मनस्वी पुटपुटली. "विरजणासकट सगळं दही मी खाल्लं, मग त्यांच्याकडून आणलं. आईंच्या माहेरचं विरजण संपवलं, हे सांगू कसं?"

काकू आधी रागावल्या, मग पोट धरून हसल्या. "शिवा, चुकले रे मी. माझंच विरजण मला देशील?"

"दिवं लागलं, काकू. सांजच्याला घरातलं इरजण भायेर देत नाय आमी. सकाली दुधासंगं आनतो!"

तिसऱ्या दिवशी आभाने पुन्हा पट्टी धरली. काकूंच्या नव्या दह्याची तार: शून्य सेंटीमीटर.