गार इंजिनाची टकटक

"ऐका! टक्-टक्-टक्! आजही सुरू झालं!" व्हॅनच्या पहिल्या बाकावरून एइनो ओरडला.

"ढोल वाजवून वाजवून तुला झोपेतसुद्धा टकटक ऐकू येते," त्याची मोठी बहीण आयली म्हणाली. पण आवाज तिलाही येत होता.

मुलांच्या बँडची ही व्हॅन फार जुनी. तिचं निम्मं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये आत घुसलेलं, वर प्लास्टिकचं मोठं झाकण. जुलै उजाडला तरी अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरून असा बोचरा वारा यायचा, की सगळ्या खिडक्या बंद आणि हीटर चालू! गाडी चालवायचे बँडमास्तर लाम्पीसर.

"म्हातारी गाडी कुरकुरणारच!" सर कपाळ चोळत म्हणाले. "रूडीनं दोनदा तपासलीय. काहीही झालेलं नाही."

रूडी म्हणजे सरांचा मेहुणा. गावातलं एकुलतं एक गॅरेज त्याचंच.

त्याच दिवशी तालमीहून परतताना वळणावर सरांचा डोळा लागला. व्हॅन रस्ता सोडून खडीवर घसरली.

"सर!" आयली किंचाळली.

सरांनी दचकून गाडी सावरली. कुणाला लागलं नाही, पण घरी पोचताच एइनोला उलटी झाली. आणि परवा तर चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, तीही लांबच्या गावात!

संध्याकाळी दोघं भावंडं बँडमधल्या डेझमंडच्या घरी गेली.

"डेझमंड, तू सगळ्यात मागे बसतोस. व्हॅनमध्ये तुझं डोकं कधी दुखलंय?" आयलीनं विचारलं.

"त्याच्या डोक्यात काही असेल तर दुखेल ना!" एइनो म्हणाला.

"गप रे! माझं कधीच नाही," डेझमंड म्हणाला. "दुखतं ते फक्त पुढच्यांचं. सरांचं, तुझं. त्या झाकणाजवळ बसणाऱ्यांचं!"

एइनो गंभीर झाला. "आणि टकटक फक्त गाडी गार असताना होते. टेकडी चढली की बंद."

डेझमंड ताडकन उठला. "म्हणजे गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर इंजिन तापलेलं! रूडीकाकांनी तो आवाज कधी ऐकलेलाच नाही!"

तिघं धावत गॅरेजमध्ये गेली. रूडीकाका खो खो हसले. "आता शेंबडी पोरं मला इंजिन शिकवणार? पळा!"

बाहेर आल्यावर आयलीनं ओठ घट्ट मिटले. "हरायचं नाही. सकाळी सकाळी रूडीकाका कुठे हमखास येतात?"

"जिथे पेस्टी असेल तिथे!" दोघं एकदम म्हणाले. मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या त्या भाजलेल्या मोठ्या करंजीवर काकांचा फार जीव.

सकाळी रात्रभर उभ्या असलेल्या व्हॅनपाशी येऊन सरांनी किल्ली खिशातून काढली, तेवढ्यात आयली आडवी आली. "सर, आम्ही सांगेपर्यंत गाडी सुरू करू नका. कालचं वळण आठवतंय ना?"

सरांनी किल्ली परत खिशात टाकली.

थोड्याच वेळात काका आले. "तुझ्या आईनं पेस्टी केल्यात म्हणे? कुठायत?"

"मिळतील! आधी एकच मिनिट, काका!"

तिघांनी व्हॅनची सगळी दारं सताड उघडली. सरांनी झाकण उचललं आणि किल्ली फिरवली. टक्-टक्-टक्-टक्! काकांचं हसू मावळलं. आयलीनं लांब काठीच्या टोकाला सीगल पक्ष्याचं पीस बांधलं होतं. फिरत्या भागांपासून दूर राहून तिनं ते इंजिनाच्या एका बाजूला धरलं. पीस स्थिर. जरा खाली नेलं. स्थिर. धुराचा पाइप इंजिनाला जोडलेला होता तिथे नेलं मात्र, आणि प्रत्येक 'टक्'बरोबर पीस थडथड उडायला लागलं!

"काजळी बघा!" डेझमंडनं बॅटरीचा झोत टाकला.

"बंद कर गाडी! सगळे बाहेर व्हा!" काका ओरडले. ते वाकून बघत राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"पाइपाच्या जोडाचा बोल्ट तुटलाय. गार असताना फटीतून धूर जोरात सुटतो, म्हणून टकटक. लोखंड तापून फुगलं की फट कमी होते, आवाज थांबतो. पण धूर झिरपतच राहतो! झाकणाचं रबरही फाटलंय. या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, लाम्पी. माणूस नुसता पेंगतो... आणि मग उठत नाही."

सरांनी वळून व्हॅनमध्ये बघितलं. पहिल्या बाकावर बँडमधली सगळ्यात लहान मुलं बसायची.

काकांनी दिवसभर खपून तुटका बोल्ट काढला, जोड नवा केला, रबर बदललं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघण्याआधी त्यांनी सगळ्या पालकांसमोर टोपी काढली.

"मी हसलो होतो या पोरांना," ते म्हणाले. "त्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून आज सगळी इथे उभी आहेत. शाबास!"

लाम्पीसरांनी तिघांना जवळ ओढलं आणि बँडच्या अगदी पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं.