एकोणीस नंबरचा अपवाद

बियाणं साठवण्याच्या त्या केंद्रात तळघरातल्या चोवीस खोल्यांची दारं रोज संध्याकाळी संगणकावरून बंद होत. प्रोग्रॅम इतका जुनाट होता की माऊसला तो ओळखही देत नसे. खोलीचा नंबर टाइप करा, एंटर मारा, थांबा, ‘बंद’ टाइप करा, पुन्हा एंटर. असं चोवीस वेळा. निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांनी, सगळे त्यांना उस्ताद म्हणत, या कळा आपोआप दाबणारी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. ती सुरू केली की कळफलकाला कुणाचं बोट न लागता अक्षरं पडद्यावर उमटत जायची आणि खाली एकेक दार सरकत जायचं.

उस्तादांच्या जागी आलेल्या ताईने ती स्क्रिप्ट पहिल्यांदा उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. एका दाराचे आठ-दहा ओळींचे आदेश, आणि तेच चोवीस वेळा खाली खाली चिकटवलेले. नुसता नंबर वेगळा. प्रत्येक दारामागे लांबलचक थांबा. तो कमी करायचा तर चोवीस ठिकाणी हात घालावा लागणार, आणि एका जागी जरी चूक झाली तरी खोलीभर बियाण्यांची माती होणार. म्हणून आजवर कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं. चालतंय ना, मग चालू द्या.

ताईला मात्र ते चालू द्यायचं नव्हतं, कारण दारं बंद होताना खाली बोळात उभा असायचा तो तिचा धाकटा भाऊ. दार रबरात नीट बसलं की नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि कडी ओढून पाहायची, हे त्याचं काम. तिनेच शब्द टाकून ही नोकरी मिळवून दिली होती. खोल्यांमधली थंडी हाडं गोठवणारी आणि बोळातली थंडीही तिचीच सख्खी बहीण. अलीकडे त्याच्या छातीत श्वासागणिक खरखर वाजायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, थंडीतला वेळ कमी करा, नाहीतर प्रकरण हाताबाहेर जाईल. नोकरी सोड म्हटलं की तो विषय बदलायचा. आई गेल्यापासून तिने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तो ऐकत नाही ना, मग दारांनीच लवकर मिटायला शिकावं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

“तुझा बोळातला वेळ अर्ध्यावर आणते की नाही बघ,” ती म्हणाली.

“आणशील गं. तू हात धुऊन मागे लागलीस की दारंसुद्धा घाबरतील,” तो हसला, आणि हसता हसता खोकला.

उपाय साधा होता. चोवीस नंबर एका अ‍ॅरेमध्ये ठेवायचे, फळीवर डबे ओळीने मांडावेत तसे. मग आदेश एकदाच लिहायचे आणि संगणकाला सांगायचं, एकेक डबा घे आणि प्रत्येकाचं हेच कर. थांबा बदलायचा तर एकाच जागी. दोनशेच्या वर ओळी जाऊन पंधरा-वीस उरणार होत्या.

पुसण्याआधी तिने जुने तुकडे एकमेकांशी ताडून पाहिले. तेवीस अगदी एका साच्यातले. एकोणीस नंबरचा तुकडा मात्र लांब होता. दार बंद करा, थांबा, पुन्हा उघडा, बराच वेळ थांबा, मग बंद करा. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. उस्तादांची डुलकी, ती मनात म्हणाली. एका दारासाठी सगळं वेगळं ठेवायचं तर अ‍ॅरे हवा कशाला? तिने तो तुकडाही पुसला.

त्या संध्याकाळी दारं भराभर मिटली. भाऊ वर आला तेव्हा तिचा चहा अजून गरम होता. तिला इतका आनंद झाला की तोच चहा तिने त्याला दिला.

दोन-तीन दिवसांनी तो म्हणाला, “एकोणीसच्या आतून काहीतरी वाजतं.”

“थंडीने पत्रा आकसतो.”

“असेल. पण मी पुढे गेलो की थांबतं. परत आलो की वाजतं.”

ताई नोंदी बघत बसली. एकोणीस नंबरच्या खोलीत रोज सकाळी दमटपणा वाढलेला दिसत होता. इतर तेवीस खोल्या ठणठणीत कोरड्या. तिने मोटर तपासली, रबर तपासलं, दमटपणा मोजणारं यंत्र बदललं. नवं यंत्रही तेच सांगू लागलं.

मग भर दुपारी ती स्वतः आत गेली. दाराच्या आतल्या बाजूला बर्फाची पांढरी साय धरली होती. फक्त चेहऱ्याच्या उंचीवर एक गोल डाग स्वच्छ होता, जवळ उभं राहून कुणी सारखा श्वास सोडावा तसा. दाराजवळच्या फळीवरची पाकिटं फुगली होती. तिने एक कापलं. त्या मरणाच्या थंडीत, हवाबंद पाकिटात, बियांना कोंब फुटले होते. पांढरेफटक, लांब, आणि झाडून सगळे दाराच्या दिशेला वाकलेले.

तिने उस्तादांना फोन लावला.

“एकोणीसचं ते उघडणं-मिटणं मी काढून टाकलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मीही काढलं होतं एकदा,” उस्ताद म्हणाले. “मग परत घातलं.”

“का पण?”

“तेव्हा दारांवर माझा जोडीदार असायचा. तुझ्या दारांवर कोण आहे?”

“माझा भाऊ.”

“त्याला वर बोलाव. आजच. आणि ते परत घाल, पोरी.”

आणखी काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

ताई भुताखेतांना भीक घालणारी नव्हती. पण पैज भावावर लावायची तिची तयारी नव्हती. तिने दुसरा अ‍ॅरे केला, कोणतं दार किती वेळ पुन्हा उघडायचं त्याचा. तेवीस शून्यं आणि एक आकडा. अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून तो आकडा एकोणीसच्याच जागी पडलाय ना, हे तिने बोट ठेवून पाहिलं.

संध्याकाळी तिने भावाला आपल्या खुर्चीत बसवलं.

“आज तू वर, मी खाली. ही एक कळ दाब, बाकी आपोआप होतं.”

“कड्या ओढायला जमतील का तुला?”

“तुझे कान ओढून हात तयार झालाय,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

अठरा दारं मिटली. अठरा कड्या तिने ओढल्या.

एकोणीस मिटलं. आतून वाजू लागलं. जोरात नाही, ओळखीच्या घरी वाजवावं तसं.

मग दार उघडलं.

आत काळोख होता. बाहेर आली ती थंडी नव्हती. ओल्या मातीच्या वासाची, उबदार हवा तिच्या गालाजवळून गेली.

ती जागची हलली नाही.

“बाहेर यायचंय तर ये,” ती मोठ्याने म्हणाली, “पण खाली माझ्या भावाच्या वाटेला जायचं नाही.”

दार मिटलं. आता आतून काहीच वाजत नव्हतं.

उरलेल्या पाच कड्या तिने एकेक करून ओढल्या, एकही न सोडता. जिना चढताना तिला हलकं वाटत होतं.

भाऊ पडद्याकडे तोंड करून बसला होता.

“झालं सगळं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मघाशीच आलीस की.” त्याने वळून पाहिलं नाही. “म्हटलं, ही बोलत का नाही? नुसती मागे उभी.”

ताईने मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

“हात काय गार होता गं तुझा. पाठीवर ठेवलास आणि खरखर थांबलीच. ऐक हवं तर.”

ती त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या पाठीला कान लावला. खरंच, खरखर नव्हती. किती दिवसांनी. तिचे डोळे भरून आले.

मग तिने स्वतःचा श्वास रोखून कान आणखी घट्ट टेकवला. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

खरखर नव्हती. दुसरंही काही नव्हतं.

“थांबली ना?” भाऊ म्हणाला. “उद्यापासून मीच बसतो इथे.”