ओस्तापचं पान

यारिनाला वाटलं होतं, आपण परत गेलो की आपलं तेरेबोव्ल्या गाव जागं होईल. कॅनडात इतिहास शिकून आली होती पोरगी. गडावर लोक जमतील, आपण त्यांना जुन्या राजांबद्दल सांगू, ऐकताना पोरांच्या अंगावर काटा येईल... असलं काय काय. सापडलं काय? अंधारातलं गाव, गप्प माणसं आणि रडायचीही थांबलेली आई. धाकटा भाऊ ओस्ताप युद्धात, आघाडीवर बेपत्ता झाला होता. मेला म्हणून कुणी सांगत नव्हतं, आहे म्हणूनही नाही.

शेगडीजवळ सरका, पोरांनो. वीज काही एवढ्यात येत नाही. मी तिचा धर्मबाप, बाप्तिस्म्याला तिला हातात धरलेला, म्हणून मला हे ठाऊक.

गेल्या चोवीस डिसेंबरची रात्र. नाताळची आदली. त्या रात्री धर्मबापाकडे जेवण पोचवायचं असतं, म्हणून ती मध-खसखस घातलेली गव्हाची खीर घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, राजेमंडळींना सोडून आज आमच्या खुराड्यात कशा बाईसाहेब? ती हसली नाही. बसली आणि म्हणाली, उद्या फादर देवळात प्रार्थनेच्या वेळी ओस्तापचं नाव गेलेल्यांत वाचणार आहेत. इतके महिने आई ते जिवंतांत वाचायला लावायची. हिनं परस्पर बदलायला सांगितलं होतं.

"आईला कधीतरी हे संपवावंच लागेल ना, मिरोन काका." दुसऱ्याच्या घरचं बोलावं तशी बोलली.

मी चिडलो. "नऊशे वर्षांपूर्वी याच गडावरच्या तुझ्या त्या वासिल्को राजाचे डोळे त्याच्याच भाऊबंदांनी काढले. मेल्यासारखा गाडीत घालून नेला. तेव्हाच लोकांनी त्याला गेलेल्यांत धरलं असतं, तर परत येऊन राज्य कसं केलं असतं त्यानं?"

"तो राजा होता, काका."

"आणि हा कोण? पाव्हणा?"

ती उठली. दहा वाजून गेले होते. बर्फ भुरभुरत होतं.

गडाखालच्या वळणावर तिला पुढे एक माणूस दिसला. अंगात नुसता सदरा. भिंत चाचपत चालला होता. तिला वाटलं, डोळे गेलेला कुणी जवान असेल. हल्ली असतात. तिनं विचारलं, कुठं सोडू? त्यानं तिच्या कोपराला धरलं फक्त.

दोघं चालू लागली.

चौकात ती वळायच्या आधी तो वळला. पुलापाशीही. मग तिच्या गल्लीशी...

तिला हात सोडवून घ्यावासा वाटला. घेतला नाही. भीतीही वाटत नव्हती म्हणाली. काहीच वाटत नव्हतं.

दार आलं. तो पायरीवर थांबला.

आत आईनं, त्या रात्री सगळे करतात तसं, घरातल्या मेलेल्या माणसासाठी पान वाढून ठेवलं होतं.

"आत माझं पान वाढलंय?" त्यानं विचारलं.

"नाही..." ती म्हणाली. "बाबांचं आहे. एकच."



"मग मी अजून वाटेत आहे."

कोपर सुटलं. तिनं मागं पाहिलं नाही.

मी नंतर विचारलं तिला, आवाज ओस्तापचा होता का? की कुणा म्हाताऱ्याचा, जुन्या काळातला? ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "माहीत नाही, काका. ऐकताना तो कुणाचाच नव्हता."

बर्फ रात्रभर पडलं. सकाळी आई झाडू घेऊन बाहेर आली, तर सगळी पायरी पांढरी. फक्त मध्ये दोन जागा मोकळ्या. अनवाणी पावलांएवढ्या. कोरड्या. वरून बर्फ पडतच होतं आणि त्यांवर ठरत नव्हतं. आईनं झाडू भिंतीला टेकवला. 

यारिना त्या दोन जागा ओलांडून देवळात गेली. प्रार्थना सुरू व्हायची होती. फादरांच्या कानाशी वाकून तिनं सांगितलं, "ओस्तापचं नाव जिवंतांत वाचा. मी सांगेपर्यंत नाही... तो येईपर्यंत."