बुजवलेलं बटण

ते मोबाइल ठेवा बाजूला आणि जवळ सरका. ही काही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूवर गुदरलेली आहे. वायरमन माणूस. खिशात कायम टेस्टर, म्हणून सगळे त्याला टेस्टरराव म्हणतात. भुताखेतांचं नाव काढलं की हसायचा.

काम साधंच होतं. एका घरातली म्हातारी वारली होती आणि तिच्या खोलीत मुलाला आपलं ऑफिस थाटायचं होतं. दाराआड गेलेला बोर्ड अलीकडच्या भिंतीवर घ्यायचा, टेबलापाशी प्लग काढायचे आणि पलंगाशेजारचं बेलचं बटण काढून भोक बुजवायचं. म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिनं ते बटण दाबलं की स्वयंपाकघरात बेल वाजायची आणि सून हातातलं टाकून धावायची. मुलगा म्हणाला, बेल राहू द्या, पुढे दाराला जोडू.

टेस्टररावानं वायरची दोन्ही टोकं तोडली, वेगवेगळी टेप गुंडाळली, वरून प्लास्टर, त्यावर रंग. पैसे घेतले, घरी आला.

आठवडाही झाला नसेल, फोन आला. "अहो, ती बेल वाजतेय!"

हा गेला. सगळं तपासलं. दोष कुठेच नाही. परतला, की पुन्हा फोन. पुन्हा हेलपाटा. जवळ थांबलं की बेल मुकी, आणि याची पाठ वळली की सुरू.

"तुम्ही बटण बुजवलंत की आमची झोप उडवलीत?" मुलगा कावला. "येत नसेल तर सांगा, दुसरा बघतो."

"वीस वर्षं हेच करतोय, साहेब," टेस्टरराव दात-ओठ खात म्हणाला.

सून तेवढी गप्प असायची. एकदा मात्र म्हणाली, "भाऊ, वाजली की पाय आपोआप धावतात हो. खोलीत जाऊन उभी राहते. कुणी नसतं. मग माझाच मला राग येतो."

शेवटी हा इरेला पेटला. थंडीतली शनिवारची रात्र होती, नवाच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला. "आज वाजल्याशिवाय उठत नाही!"

मुलगा जांभया देत होता. सून भांडी विसळत होती.

वाजली.

टेस्टरराव खोलीकडे पळाला. दिवा लावला. रिकामी खोली. टेबल, खुर्ची, कोरी भिंत.

पुन्हा वाजली. लांब. मग तुटक, तुटक... कुणी चिडून दाबावं तशी.

"शॉर्ट असेल..." तो म्हणाला.

बेल थांबेना. मुलगा दारात येऊन थिजला. "आई...?" एवढंच पुटपुटला.

आणि सुनेच्या हातातलं पातेलं आदळलं. "आले ना, आई! दोनच हात आहेत मला! जरा दम धरा!"

बेल थांबली.

नळ तेवढा वाहत होता. सून ओल्या हातांनीच आत आली, पलंग असायचा तिथे उभी राहिली. हळूच म्हणाली, "आलेय. बोला."

...

बऱ्याच वेळानं टेस्टररावानं छिन्नी काढली. बटणाच्या जागी रंगाला साधी चीरही नव्हती. प्लास्टर टणक. ठोकून ठोकून फोडलं. त्यानं टॉर्च मारला.

दोन्ही टोकांवरची टेप सुटलेली. तांबं उघडं. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, पीळ देऊन, घट्ट... एक केस. हातभर लांब. पांढराशुभ्र.

केसातून करंट जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्यानं पकड पुढे केली. सुनेनं त्याचं मनगट धरलं.

"तोडू नका, भाऊ."

भोक अजून तसंच उघडं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. केसही आहे.